कांचनजंगेसाठी कोरी सोडलेली जागा

दिवस पहिला

निघायच्या आदल्या रात्री ताईने माझी पेन्सिलींची पेटी उघडून मोजदाद केली. २एच एक, एचबी एक, २बी दोन, ४बी दोन, ६बी एक. एच म्हणजे कडक, फिकट शिसं; बी म्हणजे मऊ, काळं, आणि आकडा वाढेल तसं अधिकच. "सात पेन्सिली आणि स्वेटर एकच?" ती म्हणाली आणि स्वतःचा एक जाडजूड स्वेटर माझ्या बॅगेत कोंबला. पेन्सिली मात्र सातही राहू दिल्या.

ताईला बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते, त्यांची चित्रंही मीच काढते, आणि ताई त्या सगळ्याची पहिली वाचक. गेले सहा महिने मी एका गोष्टीपाशी अडले होते. गोष्टीत बर्फाचा एक डोंगर आहे आणि तो काही केल्या कागदावर उभा राहत नव्हता. फोटो समोर ठेवून काढलेला डोंगर फोटोसारखाच सपाट येई. चार वेळा काढला, चार वेळा फाडला. शेवटी ताईच म्हणाली, "मग जाऊन बघून ये ना. मीही येते."

दार्जिलिंगच का, याचं उत्तर माझ्या फायलीत होतं. तिच्यात एडवर्ड लिअरच्या रेखाटनांच्या १८ प्रती होत्या, घरच्या प्रिंटरवर काढलेल्या. घुबड आणि मांजर हिरव्या होडीत बसून समुद्रावर निघतात ती कविता लिहिणारा आणि तिचं चित्र काढणारा हा माणूस. बालसाहित्यातलं त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याने जन्मभर पोट भरलं ते निसर्गचित्रांवर. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून २२ नोव्हेंबर १८७३ रोजी तो मुंबईला उतरला, तेव्हा ६१ वर्षांचा होता. दमा होता, अपस्माराचे झटके लहानपणापासूनचे, डोळे अधू. सोबत जॉर्जिओ नावाचा जुना विश्वासू नोकर. त्या अवस्थेत त्याने वर्षभराहून अधिक काळ हा देश उभा-आडवा पालथा घातला, आणि जानेवारी १८७४मध्ये कांचनजंगा काढायला दार्जिलिंगला आला.

त्याची साडेतीन हजारांच्या आसपास निसर्गरेखाटनं हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहेत. मी ती संगणकावरच पाहिली, पण पाहिली तेव्हा खुर्चीवरून उठवेना. जागेवर उभं राहून पेन्सिलीने भराभर काढलेली चित्रं. कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि चक्क घड्याळातली वेळ. प्रत्येकाला क्रमांक. आणि चित्राच्या आत, डोंगराच्या उतारावर, झाडाच्या बुंध्यावर, आभाळात, बारीक अक्षरांत रंगांची नावं लिहिलेली. रंग नंतर भरायचे, म्हणून शब्दांत साठवून ठेवलेले. कुठे खडक असतील तिथे 'रॉक्स' हा इंग्रजी शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने, शेवटी एक्स लावून. तो एक्स पाहिला आणि मला वाटलं, या माणसाशी आपली ओळख आहे.

बाकी पहिला दिवस प्रवासाचाच. पुण्याहून कोलकाता, तिथे विमान बदलून बागडोगरा, पुढे गाडीने रोहिणीच्या वळणांवरून कर्सियांग, सोनादा, घूम. ताईला वळणांचा त्रास होतो, म्हणून ती डोळे मिटून आवळासुपारी चघळत होती. पोहोचेस्तोवर अंधार पडला होता. हॉटेलच्या खिडकीतून फक्त उतारावरचे दिवे दिसत होते.

दिवस दुसरा

पहाटे पडदा सारला तर बाहेर काहीच नव्हतं. धुकं इतकं दाट की समोरच्या घराचं छप्परही हरवलेलं.

तरीही निघालो. चौरस्त्यावर भानुभक्तांच्या पुतळ्यापाशी घोडेवाले शेकत बसले होते. भानुभक्त आचार्य म्हणजे नेपाळीत रामायण आणणारे कवी. तिथून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा रस्ता मागच्या अंगाला जातो. या टेकडीवर पूर्वी 'दोर्जे लिंग' नावाचा बौद्ध मठ होता, त्यावरूनच गावाला नाव मिळालं. आता वर महाकालाचं मंदिर आहे. तिथे पुजारी आणि लामा एकाच आवारात बसतात आणि घंटांच्या वर पताका फडफडतात. उत्तरेच्या बाजूला रस्त्याकडेने बाकं आहेत. कांचनजंगा तिथूनच दिसते, असं हॉटेलातल्या पोऱ्याने सांगितलं होतं. आम्ही त्या पांढऱ्या भिंतीसमोर दोन तास बसलो.

धुक्यात पेन्सिल चालवणं हा वेगळाच धडा आहे. कागद ओल धरतो, फुगतो, मऊ पडतो. २एचची टोकदार रेघ त्यात चर पाडते आणि तो चर नंतर पुसला जात नाही. ४बी सरकते पण काळी बसत नाही, राखाडीच राहते. तरी जलरंगांपेक्षा बरं. या हवेत रंगाचा हात द्यायचा म्हणजे तो वाळायची वाट बघत संध्याकाळ व्हायची. लिअर दिवसा पेन्सिलीने काढायचा आणि मुक्कामी परतल्यावर रेघांवरून शाईची लेखणी फिरवून मग रंगांचा हलका हात द्यायचा. शिसं बोटाला, कागदाला लागून पुसट होतं, म्हणून शाई. हे मी वाचलेलं होतं, पण इथल्या ओल्या हवेत तळहाताची कड काळी झाली तेव्हा नीट कळलं.

मी धुपीची झाडं काढली. उंच, सरळ, शेंड्याकडे निमुळती. धुक्यात जवळचं झाड काळं, त्यामागचं राखाडी, त्याहून मागचं नुसती सावली. ही झाडं मूळची जपानची, इंग्रजांच्या काळात इथे लावलेली. लिअरच्या चित्रांत ती नाहीत. त्याच्याकडे दिसतात ते नेचे, माणसाहून उंच झाडनेचे.

पहिलं चित्र संपलं तशी ताईने हात पुढे केला. "वही दे." आणि कोपऱ्यात तिच्या त्या बँकेतल्या, एकही अक्षर न हलणाऱ्या हस्ताक्षरात लिहिलं : क्र. १, ऑब्झर्व्हेटरी हिलमागे, सकाळी ८.४०. मी तिला लिअरच्या सवयीबद्दल काही सांगितलं नव्हतं. "कागदावर तारीख-वेळ नसेल तर तो कागद कसला?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर सगळ्या चित्रांवर तिनेच नोंदी केल्या.

दुपारभर धुकं हललं नाही. रात्री थुक्पा खाल्ला आणि पांघरुणात शिरून मी ताईला लिअरची एक गंमत सांगितली. त्याच १८७४च्या पावसाळ्यात तो काही दिवस आपल्या पुण्यात होता, आणि जुलैत मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची एक कविता छापून आली. इथे कानावर पडलेले शब्द घेऊन त्याने त्यांचे अर्थ साफ उलटेपालटे केले. चपराशी म्हणजे सोनेरी परांचे मासे, नदीत पोहणारे. आया म्हणजे उंच झाडांवर बसलेले हिरवे पक्षी. शब्दांचा अर्थ न बघता नुसता आवाज ऐकायचा आणि त्या आवाजाला अंग द्यायचं, हे लहान मुलं रोज करतात. ताई खूप हसली. मग म्हणाली, "आणि हाच माणूस डोंगरावर बसून घड्याळ बघून वेळ लिहीत होता?" तेच तर मला सहा महिने बोलावत होतं. अर्थाशी एवढा मोकळेपणाने खेळणारा माणूस पाहण्याच्या बाबतीत मात्र कमालीचा काटेकोर होता. उतार कुठे मोडतो, सावली किती वाजता कुठे पडते, यात तो स्वतःला कसलीच सूट देत नाही.

दिवस तिसरा

सव्वासहाला ताईने उठवलं. बोलली काही नाही, नुसतं खिडकीकडे बोट केलं.

मी जिथे डोंगर शोधत होते, तिथे तो नव्हताच. त्याच्या खूप वर होता. निळसर डोंगररांगा संपतात, त्यांच्यावर आभाळ सुरू होतं, आणि त्या आभाळाच्याही वर, जिथे फक्त ढग असतील असं आपण धरून चालतो, तिथे ती होती. सरळ रेषेत ७० किलोमीटरहून जास्त दूर. ८,५८६ मीटर. १८५२पर्यंत जगातलं सर्वांत उंच शिखर हेच, अशी समजूत होती. ती का होती, ते त्या खिडकीत कळतं.

धावतच मागच्या रस्त्यावर गेलो. बाकावर जागा मिळाली. पहिलं चित्र फुकट गेलं. मी बाहेरची रेघ काढून सुरुवात केली, जशी आपण शाळेत करतो : वर-खाली, वर-खाली, टोकं. रेघ ओढली गेली आणि डोंगर मेला. काळ्या रेघेच्या आत पांढरं, रेघेच्या बाहेरही पांढरं. आपल्याकडे दुसरी-तिसरीतलं प्रत्येक मूल काढतं तसा त्रिकोण. दुसऱ्या चित्रात बर्फाला छटा दिल्या, तर तो सिमेंटचा दिसू लागला. एवढ्यात बोटं गारठून ४बी हातातून निसटली, दगडावर पडली आणि आतून तुटली. टोक काढावं तर शिशाचा तुकडाच बाहेर यावा, असं तीनदा झालं. मला रडू येईल असं वाटलं. ताईने थर्मासमधला चहा दिला.

चहा पिताना फाईल उघडली. कांचनजंगेचं एक रेखाटन काढलं आणि प्रथमच त्यातला डोंगर बघायचं सोडून त्याच्या भोवतीचं बघितलं. लिअरची पेन्सिल सगळीकडे होती. पुढची झाडी, पानांचे झुपके, उतार, दरीत एकामागे एक उतरत जाणाऱ्या रांगा. जसजसं वर जावं तसतशी ती हलकी होत जाते. आणि शिखरांपाशी ती जवळजवळ थांबते. थोड्याशा तुटक रेघा, सावलीच्या बाजूला दोनचार फराटे, बाकी कागद. बर्फ त्याने काढलेला नाही. बर्फाची जागा सोडली आहे.

मी नवं पान घेतलं आणि खालून सुरुवात केली. ६बीने जवळचा कठडा, त्यावरची शेवाळ, बाकाचा पाय. २बीने खालच्या उतारावरची घरं, चहाचे मळे. एचबीने रंगीत नदीच्या दरीपलीकडच्या सिक्कीमच्या रांगा, एकीहून एक फिकट. २एच अगदी हलक्या हाताने, कागदाला जेमतेम टेकवत, शेवटच्या निळ्या रांगेसाठी आणि आभाळासाठी. आभाळाला बर्फापेक्षा किंचित गडद ठेवायचं, एवढंच. डावीकडे काब्रू, मधे कांचनजंगा, उजवीकडे पांदिमचं टोक. त्यांना मी हातच लावला नाही. आभाळाची छटा त्यांच्या कडेपाशी येऊन थांबली आणि त्या थांबण्यातून कडा उमटली. मान वर करून पाहिलं तर कागदावर ती उभी होती.

क्र. ७, सकाळी ७.२५. ताईने लिहिलं आणि वही लगेच परत केली नाही, थोडा वेळ धरून ठेवली.

मग रंगांची नावं लिहायची पाळी आली. इंग्रजी नावं पटकन सुचतात, ट्यूबवर छापलेली असतात ना. पण ती लिहिली की डोळ्यांपुढे ट्यूबच येते. म्हणून मी घरचे शब्द धरले. शिखराच्या उजेडाच्या बाजूला 'अबोली, पण दुपारी सुकलेली'. सावलीच्या बाजूला 'तांदळाचं धुवण'. दरीतल्या धुक्याला 'निवळीचं ताक'. पलीकडच्या रांगेला 'जांभूळ खाल्लेली जीभ, पुसट'. चहाच्या मळ्याला 'कच्चा पेरू'. परत येऊन महिना झाला तरी हे शब्द वाचले की तो नेमका रंग समोर येतो. लिअरचा भरवसा यावरच होता. कांचनजंगेचं त्याचं मोठं तैलचित्र, जे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, त्यावर १८७९ साल आहे. म्हणजे इथली सकाळ पाहिल्यानंतर ५ वर्षांनी, इटलीत सान रेमोच्या घरी बसून, पेन्सिलीच्या रेघा आणि रंगांचे शब्द समोर ठेवून त्याने ते पुरं केलं. पुढे गर्द झाडी, नेचे, वाटेवर इवलीशी माणसं, मधे धुक्याने भरलेली दरी, आणि पार मागे ती.

साडेनऊला दरीतून ढग वर चढू लागले. दहाला काहीच नव्हतं. रोजनिशीत लिअरने या डोंगराबद्दल थोडी तक्रार केली आहे : फार दूर, फार देवासारखा, माणसाला आपलासा न वाटणारा. घरी वाचलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. ढगांनी तिला झाकल्यावर पटलं, आणि ती आपलीशी झाली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

दिवस चौथा

टायगर हिल. पहाटे ४ला निघालो, गाड्यांची रांग, शेकडो माणसं, सगळ्यांचे फोन वर धरलेले. चित्र काढायला जागा नव्हती, म्हणून मी नुसतं पाहिलं. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीने, मीही, दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य काढला आहे. इथे सूर्य भलतीकडेच, पूर्वेला उगवतो आणि डोंगर उत्तरेला असतो. सूर्य दिसायच्याही आधी सर्वांत उंच टोक पेटतं, मग उजेड हळूहळू खाली उतरतो. वरून खाली. माझ्या गोष्टीतली पहाट आता बदलावी लागणार, हे मी तिथेच ठरवलं.

परत येताना ताईने विचारलं, "वर कोणी गेलंय का?" मी सांगितलं : २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक पोहोचले. पण सिक्कीमच्या लोकांना हा डोंगर पवित्र, म्हणून दिलेल्या शब्दाप्रमाणे ते शेवटची काही पावलं न चालता टोकाच्या खाली थांबले. पुढच्यांनीही बहुतेक ही रीत पाळली. ताई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनीपण कोरंच सोडलं."

दुपारी दोघीही झोपलो.

दिवस पाचवा

पेशोक रस्त्याने तीस्ता आणि रंगीतचा संगम पाहायला गेलो. वरच्या सज्जातून दोन पाणी वेगवेगळ्या रंगांची दिसतात आणि बरंच अंतर तशीच शेजारी-शेजारी वाहतात. पेन्सिलीत हे अवघड. रंग वेगळे असले तरी गडदपणा जवळपास सारखाच, त्यामुळे राखाडीत दोन्ही नद्या एक होऊन जातात. लिअरचाच उपाय केला, एकीत 'शेवाळी' लिहिलं, दुसरीत 'दुधाळ'. शब्दांनीच नद्या वेगळ्या ठेवल्या.

वाटेत एका टपरीवर आलूदम आणि चहा घेतला. टपरीवालीची मुलगी, असेल ७-८ वर्षांची, माझ्या मांडीवरच्या वहीत डोकावली. मी तिला पेन्सिल दिली. तिने तिच्या वहीत डोंगर काढला, आणि तो त्रिकोण नव्हता. तिने खाली घर काढलं, मग दोरीवर वाळणारे कपडे, मग कुत्रा, मग कोबीची रांग, आणि पानाच्या अगदी वर, कडेला चिकटून, एक बारीक वाकडी रेघ. "यो कांचनजंगा," तिने आईला सांगितलं. रोज अंगणातून दिसणाऱ्याला तो कुठे असतो हे बरोबर ठाऊक असतं. मी ६बी तिलाच देऊन टाकली. माझ्या गोष्टीतला डोंगर आतापर्यंत पानाच्या मधोमध उभा होता. परतीच्या गाडीत मी त्याला पानाच्या वरच्या कडेला नेलं, खाली घर आणि वाळत घातलेले कपडे ठेवले, आणि अडकलेली गोष्ट सुटली. घूमला पोहोचेपर्यंत ८ पानांचा आराखडा झाला होता, वळणावळणांनी थरथरलेला.

दिवस सहावा

सकाळच्या छोट्या गाडीने कर्सियांगला निघालो. दोन फुटी रुळांची ही गाडी दार्जिलिंगपर्यंत पोहोचली १८८१मध्ये, लिअर येऊन गेल्यानंतर ७ वर्षांनी. डब्यातून हात बाहेर काढला तर दुकानातल्या बरण्यांना लागेल, इतकी ती बाजाराला बिलगून जाते.

बतासिया लूपला गाडी स्वतःभोवती गोल वळते, आणि त्या वळणात ती दिसली. उजेड चढलेला होता, गुलाबी-अबोली सगळं सरलेलं. मी घाईघाईने चार रांगा आणि आभाळ काढलं. एक मिनिटही मिळालं नसेल. रेघा गाडीच्या हेलकाव्याने वेड्यावाकड्या गेल्या, पण जागा बरोबर सुटली होती. रंग मात्र लिहिता येईना. पांढरा म्हणावा तर तो नुसता पांढरा नव्हता.

ताईने नेहमीसारखी वही घेतली. क्र. ३१, बतासिया, सकाळी ९.३५. मग पेन्सिल परत न करता खिडकीबाहेर पाहत राहिली. गाडी वळली, धुपीची झाडं मधे आली आणि शिखरं गेली. ताईने वही पुन्हा मांडीवर घेतली आणि कोऱ्या सोडलेल्या जागेत, अगदी बारीक अक्षरांत लिहिलं : 'अप्पांच्या सदऱ्याचा पांढरा. नीळ दिलेल्या.'